नाकात मारायचा फवारा

आई, तुला नमस्कार.

मी ठणठणीत आहे, काळजी नको.

काल आमच्या लॉन्ड्रीत एक माणूस हेरॉइनची नशा जास्त झाल्याने कोसळला, ओठ निळे पडले. वस्तीतल्या नर्सबाईंनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं, तसा मी त्याच्या नाकात ती नशा उतरवणाऱ्या औषधाचा फवारा मारला. तो शुद्धीवर आला आणि माझ्यावरच खेकसला, "तुला कोणी सांगितलं होतं?" मी चुकले का गं? नर्सबाई म्हणतात, "नशा सुटेल तेव्हा सुटेल, आधी माणूस जगू दे." पटतं, आणि पटतही नाही.

दादा कसा आहे? तुझ्या पत्रांत हल्ली त्याचं नावच नसतं. सोबत एक फवारा पाठवतेय, कसा मारायचा ते पत्रामागे लिहिलंय. हा माझा आगाऊपणा आहे का, कळत नाही. दादा चिडेल. चिडू दे, पण हाताशी ठेव.

तुझी,
धाकटी