चुकलेल्या मजल्यावरचे नऊ बुधवार

ती. ताई,

तुझ्या धाकट्याचा सलाम, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा सलाम, कारण गेल्या पत्रात निम्मी जागा त्यांनीच अडवली होती. तेल चोळतेस का रोज? (चोळत नसशीलच. लहानपणी माझं नाक दाबून काढा पाजणारी तू, स्वतःच्या औषधाची वेळ आली की तुला हजार कामं आठवतात.) इथे थंडी हाडात शिरणारी आहे. माझी प्रकृती बरी; एक दाढ गेली, बाकीच्या रांगेत आहेत. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शेवटी तू एकच ओळ लिहिली आहेस, 'तू कधी येणार आहेस, का येणारच नाहीस?' चार वर्षं मी तुझ्या घरी आलेलो नाही, भाऊजी गेले तेव्हासुद्धा नाही, तेव्हा हे विचारायचा तुला पुरेपूर हक्क आहे. त्याचं उत्तर द्यायचं ठरवूनच लिहायला बसलोय. पण आधी या हिवाळ्यात माझ्या हातून काय घडलं ते सांगू दे, त्याशिवाय उत्तराला हात घालायची माझी छाती होत नाही.

तर, मी मंडळीचा वडील झालो, म्हणजे आमच्या चर्चच्या कारभारी पंचांपैकी एक. हसू नकोस. एकही मूल नसलेला, चौतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी वडील झाला, हे मलाही अजून पचलेलं नाही. झालं असं, की वार्षिक सभेच्या दिवशीच चर्चच्या हॉलचा बॉयलर बसला आणि मला तळघरात पाठवण्यात आलं. वर वडिलांची निवडणूक सुरू होती. हजर असलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, नातवंडं नाहीतर नम्रता असं काही ना काही कारण सांगून आपलं नाव मागे घेतलं. मी कारण सांगायला जागेवर नव्हतो. हात पुसत वर आलो तर टाळ्या. मला वाटलं बॉयलरसाठी आहेत, म्हणून मान लववली, आणि ती संमती म्हणून इतिवृत्तात नोंदली गेली. (आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत एकदा नोंदलेलं खोडायचं तर नवी सभा, सूचना, अनुमोदन आणि मतदान आलं. आपले बाबा म्हणायचे ते आठवतं ना, की आपला माणूस स्वर्गाच्या दाराशी पोचला तरी आत जाण्याआधी अनुमोदक शोधेल.)

हिवाळा आला की इतरांच्या अंगावर शाल चढते, आमच्या मंडळीच्या अंगात उत्साह चढतो. रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये सूप आणि पाव, मंगळवारी विणकाम मंडळ, गुरुवारी गायनवृंदाची तालीम (सगळे कोट, मफलर, हातमोजे घालून गातात, त्यामुळे पानं उलटताना दर वेळी दोन कडवी गळतात), शनिवारी गरम कपड्यांची वाटणी. विणकाम मंडळाने यंदा साठ टोप्या विणल्या. मापासाठी स्वस्थ बसून राहील असं डोकं फक्त ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचंच, म्हणून साठही टोप्या त्यांच्याच मापाच्या झाल्या, आणि त्यांचं डोकं देवाच्या दयेने मोठं आहे. आता निम्म्या गावाच्या भुवया झाकलेल्या आहेत. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ घट्ट होतं, त्यावर मीठ टाकावं की वाळू, यावर वडिलांच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला येताना आमचे चिटणीस त्याच पायऱ्यांवरून घसरून बसले आणि बसल्या बसल्याच त्यांनी मिठाच्या बाजूने मत दिलं. शेवटी उजवीकडे मीठ, डावीकडे वाळू असं ठरलं, आणि आता माणसं कुठल्या बाजूने चढतात यावरून त्यांचा पक्ष कळतो.

मला मात्र काम मिळालं ते भेटींचं. थंडीत ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांची घरं वडिलांमध्ये वाटलेली असतात. दर आठवड्याला जायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला आली ती मंडळीतले बेकरीवाले वडील थकले म्हणून सुटलेली सात घरं. ताई, मला माणसांशी बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? लिफ्ट बोलत नाही म्हणून तर मी लिफ्टकडे वळलो. मग पहिल्या सहा घरी मी पिशवीत पाना आणि वंगणाची बाटली ठेवून गेलो. दाराची बिजागरी कुरकुरत होती ती थांबवली, गळका नळ थांबवला, आणि तेवढ्यात बोलणं आपोआप होऊन गेलं. दोन घरी तर पुढच्या आठवड्यात काय मोडून ठेवायचं याचा विचार चालू असावा, कारण एका आजींच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वाकला होता आणि तो आपणहून वाकणारा काटा नव्हता.

सातव्या घरी घोळ झाला. बेकरीवाल्यांनी यादीत माणसांची नावं लिहिलेली नव्हती, कारण ती त्यांना पाठ होती. सातव्या घरापुढे एवढंच होतं: तिसरा मजला, डावं दार, एकटं, गुडघे, बुधवारी चार, चहा बिनसाखरेचा. मी जिन्याने गेलो. (लिफ्टमध्ये मी बसत नाही. चौतीस वर्षं तिच्या आतलं बघितलंय.) चढताना पहिलं वाक्य घोकत होतो, की मंडळी आपली फार आठवण काढते, आणि घोकण्याच्या नादात मजले मोजायचे राहिले. आयुष्यभर ज्याने प्रत्येक लिफ्ट बरोब्बर मजल्याला लावून दिली, तो माणूस तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. बेल वाजवली. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत आलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं. मी वाक्य म्हटलं. ते दारातून बाजूला सरले आणि म्हणाले, "या, बसा."

असा मी नऊ बुधवार बसलो. ते निवृत्त शिंपी निघाले. पहिल्याच दिवशी मी यादी आठवून म्हटलं, साखर नको ना, आणि त्यांनी मान हलवली. मग मी माझा पाळण्यापासूनचा साखरेचा शौक गिळून नऊ आठवडे कडू चहा प्यायलो. त्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, सगळं टापटीप, त्यामुळे माझी पंचाईत झाली. पण त्यांनीच माझ्या कोटाकडे बघितलं, कॉलर उलटून शिवून दिली, अस्तर बदललं, एका बुधवारी बाह्या. मी उठताना प्रार्थना करायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. आमचं बोलणं फार नव्हतं, पण मला वाटू लागलं की हे काम काही वाईट नाही. दर महिन्याच्या अहवालात मी ऐटीत लिहायचो, सातवं घर, भेटी नियमित.

मग आमच्या चर्चच्या धर्मगुरू पाळकबाईंना एक पत्र आलं. लिहिणाऱ्या निवृत्त गणिताच्या बाई होत्या. त्यांनी कळवलं होतं की या हिवाळ्यात सलग नऊ बुधवार आपल्याकडे कुणीही आलेलं नाही, ही तक्रार नसून माहिती आहे. वडिलांच्या बैठकीत चिटणिसांनी ते पत्र आणि माझा अहवाल शेजारी शेजारी ठेवले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शपथेवर सांगितलं की सातव्या घरचे गृहस्थ मला चांगले ओळखतात. पाळकबाई हळूच म्हणाल्या की सातव्या घरी गृहस्थ नाहीत. आता दुसरी कुठली मंडळी असती तर कुणीतरी उठून बघून आलं असतं. आम्ही तीन जणांची समिती नेमली, सूचक, अनुमोदक आणि पाच विरुद्ध दोन मतांनी (तीन जणांना जिना चढवायचा की दोन पुरेत, यावर मतभेद होता).

समिती मला घेऊन शिंपीबुवांकडे पोचली. त्यांना विचारलं की तुम्ही आमच्या मंडळीचे नाही, मग यांना आत का घेतलंत? ते म्हणाले, यांनी बेल वाजवली. पहिल्या दिवशी मला वाटलं सरकारी माणूस असेल, दुसऱ्या दिवशी विचारायचं राहून गेलं, आणि मग विचारणं बरं दिसेना. दर बुधवारी बिचारा येतो, गप्प बसतो, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो. मला वाटलं घरी कुणी नसेल, बसू दे. चहात साखरही घालत नाही, मधुमेह असणार, म्हणून मीही त्याच्यासोबत बिनसाखरेचा प्यायलो. समितीने हे सगळं लिहून घेतलं. मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो.

एक मजला खाली उतरलो आणि गणिताच्या बाईंच्या दारावर एकटाच गेलो. समितीला म्हटलं, तुम्ही घरी जा. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, तुमची पावलं मला ओळखीची आहेत. दर बुधवारी चार वाजता माझ्या दारावरून वर जातात. मग वर खुर्ची सरकते. ताई, त्या दर बुधवारी दोन कप मांडून ठेवायच्या. पावलं जिन्यात वाजली की उठून दारापर्यंत यायच्या, आणि पावलं पुढे जायची. मी विचारलं, मग एकदा दार उघडून हाक का मारली नाहीत? त्या म्हणाल्या, माझ्याकडे या, असं माणसाने स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? मला तिथे रडू आलं. त्यांनीच शेवटी मला बसवलं आणि चहा दिला, भरपूर साखर घातलेला. बिनसाखरेचा चहा हे बेकरीवाल्यांचं स्वतःचं पथ्य होतं. सहा वर्षं बाई त्यांच्यासाठी कडू पीत होत्या.

आता बुधवारी चार वाजता शिंपीबुवा काठी टेकत एक मजला उतरतात आणि आम्ही तिघं बाईंकडे बसतो. मी फारसा बोलत नाही, पण ते दोघं माझ्या वाटचंही बोलतात. बाई त्यांना हिशेबाशिवाय कापड बेततातच कसं यावरून छळतात. मंडळीबाहेरच्या माणसाची भेट अहवालात कशी दाखवायची यावर बैठक झाली, आणि 'चुकून सुरू झालेली भेट, चालू ठेवावी' असा ठराव बहुमताने मंजूर झाला. माझ्यावर कारवाई म्हणून एक ठराव आला होता, त्याला अनुमोदक मिळाला नाही.

पण त्या दिवशी जिना उतरताना माझ्या मनात बाई नव्हत्या, तू होतीस. तू निदान दार उघडून हाक मारलीस. ती ओळ लिहायला तुला किती जड गेलं असेल, हे मला चार वर्षांनी, एका परक्या बाईंकडून कळलं. पोस्टाची वेळ झाली, थांबतो. प्रकृतीला जप, तेल चोळ, पायऱ्या जपून उतर.

तुझाच,
धाकटा

ता. क. विणकाम मंडळाला तुझ्या त्या लांब पायमोज्यांचा नमुना हवा आहे. टाके मोजून लिही. मापाला कुणाचं पाऊल घ्यायचं यावर त्यांची बैठक आहे.

ता. क. दुसरा. पत्र वाचून बघितलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून बसलो होतो आणि सगळ्या गावाची खबर देऊन ते तेवढं टाळलं. पाकीट पुन्हा उघडलंय.

ता. क. तिसरा. भाऊजी गेले तेव्हा मी फोनवर सांगितलं होतं, की बर्फाने गाड्या बंद आहेत. गाड्या चालू होत्या. मी तिकीट काढून फलाटावर उभा होतो. गाडी आली, आणि तुझ्यासमोर उभं राहून काय म्हणायचं हे मला सुचेना, म्हणून चढलो नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग घरी येऊन खोटं बोललो. नंतर जेव्हा जेव्हा यायचं मनात आलं, तेव्हा हे सांगावं लागेल म्हणून पाय मागे घेतला. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. काय बोलायचं ते अजूनही सुचलेलं नाही. तू रागव, हवं तेवढं रागव, पण मला आत घेऊन रागव.