नदीच्या रेषेवरची घडी

३ जून
“गणित काही पळून जात नाही, नंतर शीक!” — माझी शाळा सुटली तेव्हा वडील म्हणाले होते, शिलाई मशीनला तेल घालता घालता. सव्वीस वर्षं झाली. आज लेकीचं जाडजूड पुस्तक घरात आलं. विद्यापीठात जायच्या आधीचा वरच्या गणिताचा वर्ग. जागा बाराच; तिला आठवडाभर बसून बघ म्हणालेत तिथले सर. मी कोट कापत होते, डोळे पुस्तकावर. खरंच, पळून गेलं नव्हतं!

७ जून
लेक वैतागली. एका गावाहून निघायचं, नदीवर पाणी भरायचं, दुसऱ्या गावाला जायचं. दोन्ही गावं एकाच काठाला. सगळ्यात जवळची वाट कोणती? तिनं पानभर समीकरणं मांडली आणि वही ढकलली. “डोकं फुटेल माझं!” गेली आंघोळीला.

मी नदीच्या रेषेवर तिचं पान दुमडलं — बाहीचा मुंढा जुळवताना कापड दुमडते तसं. टाचणी टोचून एक गाव पलीकडे उमटवलं. पान उलगडून तिथून दुसऱ्या गावापर्यंत सरळ रेघ. रेघ नदीला जिथं छेदते, तिथंच पाणी भरायचं. संपलं!

खोडायला हवं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

८ जून
वही तशीच सरांकडे गेली.

९ जून
“ही रीत मी शिकवलेली नाही. डोकं आहे!” — सर म्हणाले म्हणे, भर वर्गात. लेकीची जागा पक्की! “सांगायचं नाही का गं?” मी विचारलं. “कशी सांगू? सगळे वळून बघत होते! घडी तुझी, फजिती माझी.” दार आपटलं.

१६ जून
रोज तोंड पाडून जाते. धड जेवत नाही. आणि मी? लिहायलाही लाज वाटते — मी तिची नाही, वहीची वाट बघते. आज कोटाची डावी बाही उजवीकडे लावून बसले. सगळं उसवलं.

१९ जून
रडली. “आई, मला नाही गं आवडत. मला झाडांचं शिकायचंय. तुला एवढा पुळका आहे, तर तूच जा ना!”
मग तिचं तिलाच हसू आलं. मला नाही आलं.

२१ जून
दोघी सरांकडे गेलो. घडी माझी होती, सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग यादीतून तिचं नाव खोडलं. पोरगी दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली. मी दारातच.
“आणखी काही?”
“काही नाही.” आणि आले घरी! मूर्ख बाई.

२२ जून
नाहीच म्हणतील. तरी चिठ्ठी लिहिली आहे. दुकान उघडायच्या आधी देऊन येते —
“सर, लेकीची जागा रिकामी झाली. मी बसू का? वय त्रेचाळीस. शेवटचा बाकही चालेल.”