चिंधी बांधलेली भेंडी

माय, घासलेलीच भांडी आज पुन्हा घासली. हात स्वस्थ बसेनात, म्हणून तुला लिहितेय. स्तनाचा कॅन्सर परत आलाय, या वेळी हाडात. आधीची गोळी लागू पडेनाशी झाली. नागपूरचा डॉक्टर म्हणतो, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिच्यात या. हो की नाही ते उद्या सांगायचंय. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेशीतलं एक प्रथिन गाठीला वाढ, वाढ म्हणत राहतं. जुनी गोळी त्याचं तोंड दाबायची. आता त्यानं रूप बदललंय. हे औषध एका हातानं त्या प्रथिनाला धरतं आणि दुसऱ्या हातानं पेशीतली खूण करणारी यंत्रणा ओढून आणतं. खूण लागली की पेशी स्वतःच त्याचे तुकडे करते. औषध सुटतं, पुढच्याला धरतं."

तो बोलत होता आणि मला सेलूजवळचं आपलं वावर दिसत होतं. तू भेंडीच्या ओळीतून चालते आहेस, कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या. जोमदार झाड दिसलं की चिंधी बांधतेस आणि पुढे. चिंधी म्हणजे हे बियाण्याला राखायचं. मी कॉलेजातून सुट्टीवर आलेली. त्या वर्षी केवडा रोग पडून पिवळी झालेली झाडं उपटायला तू एक नवी बाई लावलीस आणि बाजाराला गेलीस. परत आलीस, तर पिवळी झाडं जागच्या जागी आणि चिंध्यावाली सगळी बांधावर ढीग करून ठेवलेली.

"काऊन वो बाई, हे काय करून ठेवलं?"

"तुमीच त चिंध्या बांधल्या न! आमच्या गावाले रोगट झाडालेच चिंधी बांधते."

"अन् हे पिवळे झाडं दिसले नाई तुले? डोये घरी ठेवून आली का?"

"दिसले न. मले वाटलं, तुमच्या इकडं पिवळीच भेंडी खातेत."

तू चिडलीस, मग तुला हसू आवरेना. बियाणं मात्र गेलं ते गेलंच. मला वाटलं, आता चिंधी बंद. पण पुढच्या हंगामात तू पुन्हा बांधलीस. फक्त आधी त्या बाईला हाताला धरून ओळीत फिरवलंस. "हे ठेवाचं, हे उपटाचं. आता तू सांग मले." ती चुकली की पुन्हा पहिल्या झाडापासून. मी मध्येच म्हटलं, "माय, समजलं तिला, मान हलवते आहे ना." तू माझ्यावरच उखडलीस, "मान हालवली म्हंजे समजलं का? कालिजात हेच शिकवते का तुले?"

पुढे नोकरीभर विज्ञान शिकवताना, न कळता माना डोलावणाऱ्या पोरींना मी वर्गात उभं केलं. तुझाच धाक पुढे चालवला.

डॉक्टरला मी विचारलं होतं, "खूण भलत्याच प्रथिनाला लागली तर?" त्यानं बराच वेळ समजावलं. हो म्हणायचं मन आहे, पण उद्या आधी त्याला पुन्हा पहिल्या झाडापासून सांगायला लावणार आहे. तो समजावत होता तेव्हा शेजारी लेक बसली होती, घाबरली होती. मी मान हलवली, माय. कळलं काहीच नव्हतं.