काढ्याचा एक घोट

१८ ऑगस्ट
ठरलं. रिटायर झाल्यानंतरची पहिली सफर. कैरोहून आपल्या गाडीने अस्यूत. बाळ येशूला घेऊन इजिप्तला आलेली मरियममाता वाटेत जिथे जिथे थांबली, ती सगळी ठिकाणं बघत जायचं. मातेच्या सणाला डोंगरातल्या मठात पोचायचं.

कारण बायकोचा, दमयानाचा नवस. वसंतात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरी झाले तर सणाच्या दिवशी तिथे आम्ही दोघं मिळून प्रार्थनेतली पवित्र भाकर घेऊ, असं ती बोलली होती. ‘दोघं मिळून’ यावर तिचा जोर. मी बरीच वर्षं घेतलेली नाही. पाळीची नोकरी, रविवार मोकळा मिळायचा नाही.

माझंही एक काम आहे. लहानपणी बिशपांनी मला गायक-सेवक केलं होतं. पांढरा झगा अजून होतो, पोटावर थोडा आखडतो. सणाचं मोठं स्तोत्र मी एकट्याने म्हणणार. जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. लोक आवाजावरून ओळखतात.

कॅनडाहून मुलाचा, मीनाचा फोन. म्हणाला, बाबा, बसने जा ना. मुलांना कल्पना नसते.

१९ ऑगस्ट
मातेने ज्या झाडाखाली विसावा घेतला ते झाड पाहायचं होतं. पार्किंग मिळेपर्यंत फाटक बंद झालं. बाहेरून शेंडा दिसला. एक ठिकाण झालं.

नदीकाठचं चर्च उद्या. घाई नाही.

२० ऑगस्ट
नदीकाठचं चर्च परतीच्या वाटेवर करू. हायवेला लागलो. मिन्या शहराजवळचं वळण पाटीच्या चुकीमुळे हुकलं. पाटी होती, पण उजवीकडे.

दमयाना म्हणाली, “अबू मीना, रेल्वेत होतात ते बरं. तिथे रूळ असतात.” अबू मीना म्हणजे मीनाचा बाप; चिडवायचं असलं की ती मला तसं म्हणते. मी हसलो नाही. रस्ता विचारू या, असंही ती म्हणाली. मी विचारत नसतो. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं.

संध्याकाळी ढाब्यावर तळलेली मासळी. सणाआधीचा उपास चालू आहे, पण त्याला मासळी चालते. गाडीत सराव केला. दमयानाने काच खाली केली. उकाडा होता.

२१ ऑगस्ट
पोचलो. डोंगरभर माणसं, तंबू, चुली, ढोल.

गायकांचं बघणाऱ्या साधूंना भेटलो. अबूना बिसेंती; अबूना म्हणजे आमच्याकडे फादर. वय झालेले, एका कानाने कमी ऐकतात. त्यांना स्तोत्राचा पहिला भाग म्हणून दाखवला. म्हणाले, “देवाची कृपा आहे हो. उद्या मागच्या रांगेत उभे राहा, सगळ्यांबरोबर म्हणा.” ऐन वेळी पुढे बोलावतील. अशा गोष्टी आधी सांगायची पद्धत नसते.

पवित्र भाकर घ्यायची तर मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. दमयानाने माझ्यासाठी बडीशेपेचा काढा थर्मासमध्ये भरून ठेवला. प्रार्थना झाली की आधी हा घ्या, घसा बसेल तुमचा, म्हणाली. तिच्या गोळ्याही तिने नंतरसाठी ठेवल्या आहेत. डॉक्टरांना विचारलं आहे म्हणते.

२२ ऑगस्ट, पहाट
घसा कोरडा. धूळ. दमयाना आधीच आत, बायकांच्या बाजूला जागा धरायला गेली आहे.

एक घोट घेतला. काढा हे औषध. औषधाने उपास मोडत नाही, असं कुठेतरी वाचलं आहे. शिवाय हे देवाच्याच कामासाठी. दुसरा घोट पहिला नीट लागला नाही म्हणून.

२२ ऑगस्ट, दुपार
पुढे बोलावलं नाही. स्तोत्र सगळ्यांनी मिळून म्हटलं. मला माझा आवाज ऐकू आला नाही.

झगा घातलेल्याने पवित्र भाकर घ्यायचीच असते, नाही घेतली तर अख्खं चर्च बघतं. आधी पुरुष, मग बायका. रांगेत लागलो. भाकर देत होते ते अबूना बिसेंतीच. कण सांडू नये म्हणून तोंडासमोर धरलेला रुमाल मी खाली केला. त्यांचा हात थांबला. वाकले. हळूच म्हणाले, “बडीशेप का रे, बाळा? उपास आहे ना?”

मी कुजबुजलो. मला वाटलं की कुजबुजलो. “दोनच घोट, अबूना.”

एवढी वर्षं माइकसमोर. कुजबुजायची सवयच नाही. त्यात चर्च म्हणजे डोंगरातली दगडी गुहा. शब्द छताला लागून बायकांच्या बाजूला उतरले. तिकडे कुणीतरी फिसकन हसलं. अबूनांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भाकर न देता मागच्या माणसाकडे वळले.

बायकांची रांग निघाली. दमयाना उठली नाही. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. तिने नुसती मान हलवली. एकटीने घ्यायचा नवस नव्हता.

बाहेर ती गाडीपाशी उभी होती. थर्मास उचलून हलका लागतो का ते पाहिलं. उरलेला काढा मला कपात ओतून दिला, स्वतः पाण्याने गोळ्या घेतल्या. म्हणाली, “प्या. निवतोय.”

प्यायलो.

२३ ऑगस्ट
घरी. वाटेत कुठेच थांबलो नाही. दोनदा रस्ता विचारला.

संध्याकाळी मीनाचा फोन. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं. दमयाना म्हणत होती, “हो रे, पोचलो नीट. सगळं पाहिलं. बाबा? अरे, छान म्हटलं त्यांनी. बायकांच्या बाजूला अगदी शेवटपर्यंत ऐकू आलं.”

मग म्हणाली, “नाही, आत्ता त्यांना फोन नाही देत. त्यांचा घसा बसलाय.”

घसा ठीक आहे.