दोन सह्या झाल्याशिवाय रंग मिळणार नाहीत

मी खाली सही करणारी, निवृत्त चित्रकला शिक्षिका, वय शहात्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांकडून लेखी घेऊन सोबत जोडले आहे, कारण माझ्या माघारी ते ठिकाणावर नव्हते असे म्हणणारे निघतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. प्रयत्न दोघांनी केला. त्यांचा उल्लेख खाली येईल. मी तोंडी काही कबूल केले होते असे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे.

एक. घर. खालच्या दोन खोल्यांत शिवणकाम करणाऱ्या बाई भाड्याने राहतात. त्यांना हवे तोवर आहे त्याच भाड्यात राहू द्यावे. माझ्याकडे कोण येते-जाते हे त्या विचारत नाहीत. त्यांना ते माहीत असतेच. घर विकू नये. भाडे कलम चारमधील निधीत जमा करावे. वरची खोली शिक्षकांना धड्याची तयारी करण्यासाठी खुली ठेवावी.

दोन. पुतण्या. माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. मागच्या वर्षी अचानक माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला. एकदा मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले तर हा टेप लावून वरची खोली मोजत होता.

"हे काय रे?"

"सहज गं आत्या. पडदे बदलायचे का, बघत होतो."

माझ्या खिडक्यांना पडदे नाहीत. जाळी आहे. तरी त्याची इच्छा अपुरी राहू नये म्हणून त्यास पडदे घेण्यापुरती रक्कम द्यावी. कापड त्याने निवडावे.

तीन. ज्या शाळेत मी नोकरी केली, तिच्या संस्थेस काहीही देऊ नये. अध्यक्ष घरी आले होते. म्हणाले, "बाई, तुमच्या नावाने कलादालन काढू. संगमरवरी पाटी लावू." आत काय होणार, असे विचारले. "कार्यक्रम होतील." कोणाचे, हे विचारायची गरज नव्हती. सत्कारात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

याच शाळेला एकदा बाहेरून कला-साहित्यासाठी मदत मिळाली होती. उत्तम रंग आले. मोठ्या बाटल्या, जाड कागद, माती. हेडक्लार्कनी सगळे कपाटात ठेवून कुलूप लावले. मी किल्ली मागितली.

"देतो की. पण संपले तर तपासणीला दाखवणार काय?"

"संपलेले दाखवू."

"बाई, तुम्ही कलावंत. तुम्हाला नाही कळायचं."

तपासणी झाली. बाटल्या मोजल्या, सगळ्या भरल्या, शेरा उत्तम. पुढे कपाट उघडले तेव्हा रंगांचे दगड झाले होते. ते दगडही साठ्यात मोजले जात होते. म्हणून पुढची कलमे अशी लिहिली आहेत.

चार. निधी. माझ्या बँकेतील सर्व ठेवी एकत्र कराव्यात. व्याज आणि भाडे यांतून दरवर्षी अशा शिक्षकांना पैसे द्यावेत, जे गणित, विज्ञान, भाषा, इतिहास किंवा भूगोल शिकवतात आणि तोच विषय चित्र, माती, नाटक, गाणे यांतून शिकवू पाहतात. चित्रकलेच्या शिक्षकास देऊ नयेत. त्याला गॅदरिंगचा मागचा पडदा रंगवायला बसवतील. डोंगर आणि सूर्य. माझी नोकरी त्यातच गेली.

पैसे शिक्षकाच्या हातात द्यावेत. मुख्याध्यापक, संस्था, पालकसंघ यांच्यामार्फत देऊ नयेत. घेतलेले साहित्य ज्या दिवशी आणले त्याच दिवशी संपले असे धरावे. दुसऱ्या वर्षी पैसे हवे असतील तर रिकाम्या बाटल्या आणि झिजलेले ब्रश आणून दाखवावेत. भरलेली बाटली आणणाऱ्यास पुन्हा काही मिळणार नाही.

पाच. वर्गाच्या भिंतीवर मुलांचे निदान एक चुकलेले काम लावलेले असावे. ही अट विचित्र वाटेल, म्हणून कारण देते.

माझी पुतणी, म्हणजे वरील पुतण्याची धाकटी बहीण, दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवते. ठेवीची मुदत संपली त्याच महिन्यात ती आली. "आत्या, अपूर्णांक मुलांच्या डोक्यावरून जातात. थोडे रंग आणि कागद देशील?" भाऊ टेप घेऊन येतो, बहीण अपूर्णांक घेऊन. मी दिले. मग एक दिवस न सांगता तिच्या वर्गात गेले. मुले कागदाच्या चकत्या कापून, रंगवून भिंतीला लावत होती. छान दिसत होते. छान दिसते तिथे मला शंका येते. पुन्हा गेले.

त्या दिवशी भिंतीवर एक चकती होती. तीन भाग, एक मोठा, दोन लहान, खाली लिहिलेले: प्रत्येकी एक तृतीयांश. ती लावणारी मुलगी कमरेवर हात ठेवून भांडत होती. "तीन आहेत ना? मग झालं की." दुसरी म्हणाली, "मग मोठा मी घेते, लहान तू घे, असं चालेल का?" ही विचारात पडली. पुतणी मधे बोलली नाही. मला पाहून एवढेच म्हणाली, "आत्या, बसायचं तर कात्री घे." पाहुण्यांसाठी मांडलेल्या वर्गात चूक कधी नसते. चूक आधीच काढून टाकलेली असते.

सहा. निधी कोणाला द्यायचा हे दोघांनी ठरवावे. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक पैसाही सुटणार नाही. दोघांपैकी कोणालाही स्वतःसाठी निधी घेता येणार नाही.

पहिली, माझी पुतणी. हे सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या वर्गाला काहीच नाही?" नाही. "बरं. पण कात्र्या परत मागू नकोस." कात्र्या तिच्या. ती चांगली आहे, आणि चांगल्या माणसाला कोणीही बनवते. म्हणून दुसरा माणूस.

दुसरे, विज्ञानाचे सर, निवृत्त. नोकरीभर त्यांनी माझे तास घेतले. दारात उभे राहून म्हणत, "बाई, प्रकाशाचा धडा राहिलाय, तुमचा तास देता का? तुमचं काय, चित्रंच तर आहेत." मी त्यांना बोलावले.

"या भानगडीत मला कशाला ओढता? चित्रं काढून विज्ञान येतं यावर माझा विश्वास नाही."

"म्हणूनच बोलावलं."

"मुलांना विषय आला नाही तर मी सही करणार नाही."

"करूच नका."

"आणि आला तर?"

"तर चरफडत करा."

सरांनी चष्मा पुसला. मग विचारले, विषय आला की नाही हे ठरवणार कोण. मी म्हटले, तुम्ही. पुतणी वर्ग खरा आहे का ते बघेल, सर धडा खरा आहे का ते बघतील. दोघांचे एकमेकांशी पटणार नाही. निधीला याहून चांगले कुलूप मला सापडले नाही.

सात. माझी चित्रे. फार नाहीत. शिवणकामाच्या बाईंना हवे ते एक घेऊ द्यावे. उरलेल्यांच्या मागच्या कोऱ्या बाजू वापरायला शिक्षकांना द्याव्यात.

ठिकाण: माझे राहते घर, वरची खोली.
दिनांक: प्रत्येकाने आपल्या सहीशेजारी स्वतःच्या हाताने घालावा.

सही: लिहून ठेवणार, निवृत्त चित्रकला शिक्षिका

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही माझ्यासमोर केली. नाडी ठीक.
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. सही माझ्यासमोर केली. चित्र नको, भाड्याचं लिहिलंय ते बास. [कलम सातमधील त्यांचा उल्लेख रद्द. लिहून ठेवणारीची सही.]

नेमणूक मान्य: पुतणी. सरांनी निर्णय घरी बसून देऊ नये. वर्गात यावे आणि मुलांबरोबर खाली बसावे.

नेमणूक मान्य: विज्ञानाचे सर. चित्रांबद्दल माझे मत पूर्वीचेच आहे. वर्गात येईन, पूर्ण तास बसेन. खाली बसणार नाही, गुडघे दुखतात. स्टूल चालेल.

स्टूल मान्य. खर्च निधीतून. लिहून ठेवणारीची सही.