मागची चाकं आधी

प्रिय दादा,

गाडी सरळ थांबली! पत्राची सुरुवात तब्येतपाण्याच्या चौकशीने करायची असते हे मला कळतं, पण आज तेवढा धीर नाही. बाबांची ती लाल टू-सीटर, जोरात ब्रेक मारला की शेपूट फिरवणारी, आज ओल्या रस्त्यावर, चांगल्या वेगात असताना, नाकाच्या रेषेत थांबली. मी आत बसून लहान पोरीसारखी ओरडत होते.

तू म्हणशील, ही दातांची डॉक्टर गाडीखाली कधीपासून शिरायला लागली? सगळी आईची करणी. "एक तर ती चालती करा, नाही तर भंगारात द्या, मला गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही," असं तिने जेवताना जाहीर केलं. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. मी किल्ली मागितली, त्यांनी ती ताटाशेजारी आणून ठेवली. तू घर सोडून गेल्यावर त्यांनी, त्या वळणावर तुझ्या हातून भिंतीवर आपटलेला तिचा मागचा भाग ठोकून सरळ केला होता, रंगही दिला होता, आणि वर कापड टाकलं होतं ते कायमचंच.

इंजिनाने फार नखरे केले नाहीत. ब्रेकनी मात्र माझा जीव खाल्ला. मला वाटलं, पुढचे कमी पडत असतील. पॅड बदलले, ऑइल बदललं, पाइपांमधली हवा काढली, तरी जोरात दाबलं की मागची बाजू पुढे यायला बघायचीच. शेवटी शेजारच्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंना गळ घातली. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात पाणी ओतून मी गाडी पळवायची, ब्रेक मारायचा आणि कोणती चाकं आधी जाम होतात ते त्यांनी बघायचं. पुढची असतील तर एक शिट्टी, मागची असतील तर दोन. बाईंनी इतक्या त्वेषाने दोन शिट्ट्या फुंकल्या की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला जागीच थांबला. "मागची गं, मागची! प्रत्येक वेळी मागचीच आधी!"

तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी सांगते. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागच्या ब्रेकनी जरा हात राखूनच धरायला हवं. ती चाकं आधी जाम झाली की रस्ता सोडतात, आणि मग चालवणारा कितीही पट्टीचा असला तरी गाडी गरकन फिरते.

मी मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम उघडले. आत ब्रेक-शू, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ढकलणारे छोटे सिलिंडर असतात, ते काढून मोजले. दिवसभर लोकांच्या दातांवर टोप्या बसवणारी बाई मी, मोजमापात मला कोण फसवणार? दोन्ही सिलिंडर हवे होते त्यापेक्षा मोठे निघाले. स्पेअर पार्टवाल्याने हातात घेताच सांगितलं, "हे या गाडीचे नाहीतच. मोठ्या फॅमिली गाडीचे आहेत. मागे भलताच जोर लावत असणार."

त्या गाडीच्या दुरुस्तीला तेव्हा बाबांखेरीज कुणी हात लावत नसे, हे तू जाणतोसच. मी चहाबरोबर तो सिलिंडर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, सिलिंडर उलटासुलटा केला. "मीच बसवले," म्हणाले. "मूळचे मिळत नव्हते. बोल्ट जुळले, पाइप जुळला, म्हणून बसवले." कधी, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग ते म्हणाले, "त्या वळणाच्या आदल्याच आठवड्यात." आणि मग माझ्याकडे न बघता, "म्हणजे पोरगं बरोबर चालवत होतं."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले तर बाबा आधीच तिथे होते, दुखरा गुडघा लांब करून स्टुलावर बसलेले. योग्य मापाचे सिलिंडर आम्ही दोघांनी बसवले. तरी ओल्यात मागची चाकं किंचित घाई करत होती, तेव्हा मागच्या पाइपावर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घातला. बाबा त्याचा स्क्रू एखाद्या तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा फिरवायचे, मी गाडी पळवायची, बाई शिट्टी फुंकायच्या. दोन, पुन्हा दोन. आणि आज एक! मागच्या चाकांनी रस्ता सोडला नाही आणि गाडीने मुकाट्याने मान खाली घातली. बाबा शेजारीच बसले होते. "परत कर," म्हणाले. मी परत केलं. "अजून एकदा." टायरचा वास सुटेपर्यंत आम्ही तेच करत होतो, आणि बाई टाळ्या वाजवत होत्या.

दादा, बाबांनी या आठवड्यात तुला दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आज घरी येताना ते मला म्हणाले, "तू लिही. माझ्याच्याने बोलवत नाही." म्हणून लिहिते आहे. त्या वळणावर तू घाबरला नव्हतास. तुझा पायही चुकला नव्हता. त्यांनी शिकवलं होतं तसाच तू ब्रेक लावलास, आणि तसा लावल्यावर ती गाडी फिरणारच होती. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते: "चूक माझी होती, आणि इतकी वर्षं मी ती त्याच्या गळ्यात बांधली." बाकीचं ते स्वतः बोलतील. रविवारी आम्ही दोघं तिच्यातून तुझ्याकडे येतोय. तेव्हापासून तू स्टिअरिंगला हात लावत नाहीस हे मला माहीत आहे, आणि मला ते चालणार नाही. त्या गाडीत दोनच माणसं मावतात, तेव्हा परतीला मी बसने येईन. बाबांना घरी तू आणायचं आहेस.

तुझीच,
किडूक