पंचविसावी फेरी

आप्पा, मंडळाच्या पोरांना तुमचा फोटो हवाय. पन्नाशीवरच्यांच्या दहा हजार मीटरचा तुमचा विक्रम जिल्ह्यात अजून कुणी मोडला नाही म्हणे, सत्कार करायचाय. मेलेल्या माणसाचा सत्कार! मी अजून फोटो दिलेला नाही. तुमचं नाव निघालं की मला आधी रागच येतो, आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

येळ्ळुरात पहाटे सगळ्या घराला उठवून तुम्ही पळायला जायचा. भिजवलेले हरभरे, दूध, तूप सगळं तुमच्या ताटात, आम्हाला ताक. कुणी काही बोललं की, "पळायचं मला असतंय, तुम्हास्नी काय करायचंय?" बेळगावच्या कचेरीत साधे कारकून, पण घरात साहेब. गुंजीच्या शाळेतल्या माझ्या नोकरीचा हुकूम आला, तो तुम्ही वाचलात आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलात. मी बावीस वर्षांची, ट्रेनिंग झालेली. "पोरीच्या जातीनं एकटं ऱ्हायाचं?" मी रडले, आई रडली. शेवटी वैतागून म्हणालात, "ऐतवारी शर्यतीत पहिला आलो तर जा. न्हाय आलो तर ह्यो कागद चुलीत." माझी नोकरी तुमच्या पायांवर लावून मोकळे झालात!

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यातला तो रविवार. बेळगावचं मैदान, पंचवीस फेऱ्या. पंच कमी, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या फेऱ्या मोजणारं माणूस आणायचं. तुमची मोजणारी मी. दर फेरीला पाटीवर एक रेघ. शिवाय तुमच्या चड्डीच्या खिशात पंचवीस चिंचोके, फेरी झाली की एक टाकायचा, ही तुमची सरावातली सवय. निपाणीहून एक मामा आले होते, तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेले, अनवाणी, साठीला टेकलेले. त्यांना मोजायला कुणी नव्हतं, ते मनातच मोजत होते. ते तुमच्या मागं दहा पावलांवर होते आणि तुमची धाप मला कडेला ऐकू येत होती.

माझ्या पाटीवर पंचवीस भरल्या, तुम्ही थांबलात. मामा आणखी एक फेरी पळून आले नि म्हणाले, "मी ह्यांच्या पाठीमागंच हुतो की. ह्यांची एक फेरी कमी पडलीया, बाई, नीट बघा." पंच हसले. "मामा, मोजायला मास्तरीण हाय. तुम्हीच एक जास्त पळलासा." तुम्ही वर म्हणालात, "तंबाखू कुटणाऱ्याला पंचवीस मोजता येतंय व्हय?" लाज वाटली नाही तुम्हाला? मामा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या पाटीला हात लावून त्यांनी कपाळाला लावला. "शिकल्याली हाईस, तुझं बरोबर आसंल," म्हणाले आणि निपाणीच्या गाडीला गेले.

घरी चड्डी धुताना खिशात एक चिंचोका सापडला. मी तो तुमच्यासमोर धरला. "पाटी तुझी, रेघा तुझ्या. मला काय इचारतीस?" हुकूम काढून माझ्या अंगावर फेकलात. चिंचोका मात्र प्रमाणपत्राच्या चौकटीवर ठेवलात. पुढं सुट्टीला आले, आईची बाजू घेऊन तोंड उघडलं, की तुम्ही नुसतं त्या चौकटीकडे बघायचा. मी गप्प. तुम्ही जाईपर्यंत गप्पच. नीच होता तुम्ही, आप्पा. चोविसावर थांबलोय हे ठाऊक असून त्या म्हाताऱ्याला चार लोकांत अडाणी ठरवलंत.

काल मंडळाला खरं कळवायला बसले. 'माझ्या हातून चुकून एक रेघ जास्त पडली,' इतकं लिहिलं आणि पुढं सरकेना. चुकून नव्हती पडली. विसाव्या फेरीला मामा क्षणभर तुमच्या बरोबरीला आले, मला तो हुकूम चुलीत दिसला, आणि मी दोन रेघा ओढल्या. मामांनी पाटीला हात लावला तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

मंडळाचा कागद फाडला. हा तुमच्या नावचा तर धाडायचा कुठं? उद्या पोरं येतील, आणि मी फोटो देईन.